काताचं कडू पाणी

लातूरच्या शिकवणी क्लासच्या गल्लीत मकबूलभाईंच्या पानाला तोड नव्हती. त्यांचा कात जिभेवर लोण्यासारखा विरघळायचा. त्यांच्या लेकीला, नाझनीनला, अब्बांच्या या काताचा मोठा गर्व.

भूकंपात अब्बांचा पाय दगडाखाली सापडला होता. जखम पिकली, पण छावणीतल्या साध्या इंजेक्शनांनी भरून आली. मग गाव सोडून ते लातूरला आले, टपरी टाकली. त्याच गल्लीत नाझनीन क्लासला बसली. डॉक्टरकीची जागा थोडक्यात हुकली, तशी ती नांदेडला जंतूंचा अभ्यास करायला गेली.

"मकबूलभाई, पोरगी डाक्टर व्हणार व्हती, आता जंतू पाळून राहिली म्हणं!" रोजचं गिऱ्हाईक भुजंगराव टोमणा मारायचे.

"पाळती, पण वाढू न्हाई देत," अब्बा चुना लावत म्हणायचे.

खरं तर जंतू वाढतच होते. ज्या औषधानं अब्बांचा पाय वाचवला, त्याला आताचे जंतू जुमानत नव्हते. झाडाचा अर्क जोडीला दिला तर जंतूंची ढाल ढिली पडेल आणि जुनं औषध पुन्हा लागू होईल, अशी नाझनीनची आशा. जोडीला तिनं अब्बांचाच कात निवडला. दुसऱ्या कुणाचा घ्यायला मन धजेना. पण काही केल्या गुण येईना.

"अजून एकदाच बघू," तिचे मार्गदर्शक गुरुपादप्पा सर म्हणाले. "न्हाई तर विषय बदलू, बेटा."

पडल्या चेहऱ्यानं ती ईदला घरी आली. अब्बा मागच्या दारी कात करत बसले होते. उकळून गाळलेला कात फडक्यात बांधून त्यांनी राखेवर दाबून ठेवला होता. गाळल्यावर वर उरलेलं तांबूस पाणी ते मोरीकडे ओतत होते.

"हे कशाला फेकता, अब्बा?"

"सगळा कडूपणा ह्याच्यात. राहिलेला राख ओढून घेती. तवा कात मऊ व्हतो."

नाझनीननं त्या पाण्यात बोट बुडवून चाटलं. जीभ आवळून आली. ती ओरडलीच, "अब्बा, माझं औषध मोरीत सोडून राहिलात की!"

"आन् तू पानवाल्याची पोर! धुतलेला कात नेताना ध्यानात आलं न्हाई?"

दोघं पोट धरून हसली. जाताना तिनं न धुतलेल्या काताचा खडा नेला.

नांदेडला तिनं जंतू वाढवलेली काचेची बशी उजेडाकडे धरली. नुसतं औषध होतं तिथं जंतू माजले होते. नुसता कात होता तिथंही माजले होते. दोन्ही एकत्र होती, तिथं मात्र सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ वर्तुळ. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

सरांनी बशी कितीदा तरी फिरवून पाहिली. "लांबचा पल्ला हाय अजून. पण विषय बदलायचा न्हाई," म्हणाले, आणि हसले.

नाझनीनचा फोन आला तेव्हा भुजंगराव टपरीवरच होते. अब्बांनी न धुतलेल्या काताचं पान लावलं. भुजंगरावांनी ते तोंडात टाकलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"लई कडू हाय की हो!"

"हाव," अब्बा ताठ मानेनं म्हणाले. "आज कडूच खा. जिंकून आलेला कात हाय."