एकाही पानावर हळद नाही

"कोणी विचारलं होतं हिला?" असं म्हणून मावशी हातातलं पुस्तक टेबलावर आपटायच्या. चर्चच्या हॉलमध्ये चहा घेणारी मंडळी दचकून बघायची.

'ही' म्हणजे व्हिक्टोरियन काळातली एक इंग्रज कादंबरीकार. आपल्या काळातल्या लोकप्रिय लेखिकांची तिने एका लेखात सालटी काढली होती: यांच्या नायिका मूर्ख आणि वाचक त्याहून मूर्ख. मावशींनी तिच्या सगळ्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. "लाडकी आहे गं माझी. म्हणून तर जास्त संताप येतो."

मावशी बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या सिस्टर. चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या आमच्या मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट त्या सांभाळायच्या. पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं फर्मान असे, "येताना जाडजूड प्रेमकथा आण. चकल्या इथे मिळतात."

मी नवऱ्याच्या व्हिसावर नवीन आले होते. दिवसभर घरात एकटी, बोलायला भिंती. मावशींनी माझा चेहरा पाहिला आणि एक कादंबरी हातात कोंबली. "रड खुशाल. संपली की दुसरी देते." मी फोडणी देता देता वाचायचे. पानांना हळद लागायची. मावशी त्यावरून कधी बोलल्या नाहीत. तो हिवाळा मी त्या पुस्तकांच्या जिवावर काढला.

मग मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. आयटीतले, स्वतःला रसिक समजणारे. महिला दिनाला त्यांनी नेमकं त्याच लेखावर व्याख्यान झोडलं आणि शेवटी ठराव मांडला: कपाटात यापुढे फक्त दर्जेदार साहित्य.

मावशी उठल्या. "अरे, त्या बाईच्या घरी स्वयंपाकीण होती. तू एकदा वॉर्डात नाइट शिफ्ट करून ये, मग डिसाइड कर कोणी काय वाचायचं ते."

लोक हसले आणि ठरावाला हात वर केले. त्यात प्रेमकथांसाठी मावशींच्या मागे लागणाऱ्या बायकाही होत्या. अध्यक्षांपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला, अजूनही येतो. पुस्तकं कौन्सिलच्या रिसायकलिंगला गेली. मावशींनी कपाटाची किल्ली टेबलावर आपटली, कोट चढवला आणि पुन्हा मंडळात पाऊल ठेवलं नाही.

दोन वर्षांनी त्या गेल्या. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. अध्यक्ष मावशींच्या 'साहित्यसेवे'बद्दल बोलत होते. मला ऐकवेना. मी उठले आणि सगळ्यांदेखत कपाट उघडलं.

दर्जेदार पुस्तकं ओळीनं उभी होती, आणली तशी कोरी. मी एकेक काढून चाळत गेले. एकाही पानावर हळद नव्हती.