उन्हात ठेवलेली बॅटरी

सई, आदित्य, समोरच्या वसंत सुतारांसाठी तुम्ही तीन वर्षांपूर्वी तिकडून बॅटरीवरची मायटर सॉ पाठवलीत. लाकूड कोनात कापणारं ते सरकतं मशीन कसं चाललंय, असं परवा फोनवर विचारलंत. मी ‘छान’ म्हणाले. ते खोटं होतं, म्हणून आज लिहिते आहे.

सकाळी खिडकीतून पाहिलं, तर वसंत त्या मशीनची मेलेली बॅटरी ओट्यावर उन्हात ठेवत होते. ऊन दिलं की जिवंत होते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. शाळेच्या खिडक्यांच्या चौकटी सोमवारी दिल्या नाहीत, तर ते काम दुसऱ्याकडे जाणार आहे.

मी दुकानात फोन केला.

“आजी, ती बॅटरी आता बनत नाही. नवीन मशीनच घ्या.”

“अहो, पातं धड आहे, मोटार धड आहे.”

“असेल, पण मॉडेल जुनं झालं ना.”

तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. धडधाकट वस्तू कुठेतरी लांब बसलेला माणूस मोडीत काढतो आणि ज्याचं पोट तिच्यावर आहे त्या माणसाला विचारतही नाही. ही कसली सुधारणा?

वसंतांना हे सांगितलं, तर ते हसले. “बाई, पुढच्या वेळी वायरवालंच घेऊ. लाइट जाते, पण परत येते तरी.”

मग त्यांनी हातकरवत काढली. संध्याकाळपर्यंत चार चौकटी कापून झाल्या. काम अजून त्यांच्याकडेच आहे.