चित्रकलेच्या वर्गाची खिडकी

पोराच्या बाकाशी जायचं, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरायचे, कागदावर वाकायचं आणि विचारायचं, "बघितलंस का नीट?" पोरगं हो म्हणालं की, "आणखी एकदा बघ." मग पुढच्या बाकाशी. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची शिकवायची पद्धत एवढीच.

तुम्ही म्हणाल, यात संशय घेण्यासारखं काय आहे? पण तुम्ही पर्यवेक्षक नव्हतात, मी होतो. गेवराईकडून बीडला येताना हायवे सोडून थोडं आत आमची शाळा. तिथं मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची आठ पर्यवेक्षक म्हणून. वर्गावर्गातून फिरायचं आणि कोण काय करतंय ते वहीत टिपून ठेवायचं, हे माझं काम. ते मी मोठ्या आवडीनं करायचो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

हे सर आले ते तासिका तत्त्वावर. म्हणजे सत्र संपल्यावर संस्थेच्या सचिवांनी पुन्हा ठेवलं तर राहायचं, नाही तर पिशवी उचलायची. केजकडचे, तिशीतले, सडपातळ. सचिवांनी मला बोलावून सांगितलं, "दिवाळीपर्यंत लक्ष ठेवा. तुमचा अहवाल बघून ठरवू." मला तरी दुसरं काय पाहिजे होतं?

पहिला संशय आला तो असा, की या माणसाला चित्र काढताच येत नाही. चार महिन्यांत मी त्यांना फळ्यावर एक रेघ ओढताना पाहिलं नाही. त्यांच्या आधीचे सर दोन डोंगर काढायचे, मध्ये सूर्य, खाली झोपडी आणि नदी. पोरं ते उतरवून घ्यायची. सगळ्या वह्यांत एकच सूर्य, तपासायलाही सोपं. यांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला विचारलं, "तुला काय आवडतं?" आणि ज्याला जे आवडतं त्याच्यावर त्यानं सत्रभर काम करायचं. एकाला काळी-पिवळी जीप आवडायची, तो आत माणसं कशी कोंबून बसतात तेच काढत होता. एकीनं म्हशीची शिंगं घेतली. गावातल्या प्रत्येक म्हशीची शिंगं वेगळी असतात म्हणे. पन्नाशी उलटली तरी मला हे माहीत नव्हतं.

गणपतीच्या दिवसांत मी स्टाफरूममध्ये मुद्दाम कोरा कागद पुढं केला. "सर, एक गणपती काढून द्या. दाराला लावतो."

हात लगेच पाठीमागं गेले. "पोरांकडून घ्या की सर. ती लई भारी काढतेत."

मी वहीत लिहिलं : चित्र काढण्यास टाळाटाळ. प्रमाणपत्र तपासावे.

मग कोयत्यांचं प्रकरण झालं. आमच्याकडची निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात, त्यामुळं त्या दिवसांत घरोघरी कोयत्यांना धार लागलेली असते. एका सकाळी मी चित्रकलेच्या वर्गात डोकावलो, तर भिंतीला लावून ओळीनं अकरा कोयते आणि त्यांच्यासमोर आठवीची पोरं मांडी घालून बसलेली. आमच्या जिल्ह्यातल्या माणसानं एका जागी अकरा कोयते बघितले तर त्याच्या मनात काय येईल, तुम्हीच सांगा. मी आधी शिपायाला गेट लावायला पाठवलं आणि मग आत शिरलो.

"हे काय चाललंय?"

"मुठी बघायलोत सर," ते शांतपणे म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की पाती पोत्यात गुंडाळून सुतळीनं बांधलेली आहेत आणि फक्त मुठी उघड्या आहेत. एकीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, एकीला लुगड्याची चिंधी, एक नुसतीच, मध्ये झिजून खोलगट झालेली. एक पोरगी उठून म्हणाली, "सर, ही माझ्या आईची. आई डावरी हाय, म्हणून ह्या अंगानं झिजलीय. ढिगातनंबी आमी मुठीवरनंच वळखतो."

"उद्या कुणाला लागलं तर?" मी सरांना विचारलं.

"म्हणून तर बांधलेत. अन् पोरांच्या हाती न्हाई आणले सर, आईबाप सोता आणून देऊन गेले. पैल्यांदाच शाळेत आलो म्हणत होते."

मी वहीत लिहिलं : वर्गात धारदार शस्त्रे. आईबापांचं लिहिलं नाही. ओळ संपली होती, असं मी स्वतःला समजावलं.

त्यानंतर मी आत जायचं सोडलं आणि मागच्या खिडकीतून बघायला लागलो. रोज तिसऱ्या तासाला. त्या खिडकीचं दार पावसानं फुगून कित्येक वर्षं अडकलेलं होतं, त्यामुळं फटीतून एका डोळ्यानं बघावं लागायचं. आठवड्याभरात कुणीतरी त्याला रंधा मारला आणि तिसऱ्या तासाला ते सताड उघडं राहायला लागलं. पुढच्या आठवड्यात नेमकं मी उभा राहायचो तिथं एक स्टूल आलं. मला यात काहीतरी डाव दिसला. दोन दिवस मी त्या स्टुलाला शिवलो नाही. मग गुडघे दुखायला लागले, तेव्हा बसलो.

एकदा ते आतूनच म्हणाले, "सर, उन्हात कामून बसता? आत या की."

"मी इथंच बरा आहे."

"बरं, तुमाला काय आवडतं सर?"

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. मी म्हणालो, "शिस्त."

"मग ती कशी दिसती, काढा की एकदा."

पोरं खो खो हसली. ते मात्र हसले नाहीत, खरंच माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी चष्मा पुसला आणि तिथून निघून आलो. एवढ्या वर्षांत मला तो प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्याचा मला राग आला होता.

त्या वर्गात मुक्ता नावाची एक मुलगी होती. आईबाप तोडीला जायचे, ही आजीपाशी राहायची. बोलायची जवळजवळ नाहीच. मांडीवर वही असायची, पण पूर्ण तास नजर खिडकीबाहेर. सर तिला एका शब्दानं रागवायचे नाहीत. उलट हात मागं बांधून तिच्या शेजारी उभे राहायचे आणि तेही बाहेर बघायचे. मला हवा तो पुरावा मिळाला.

अहवालात बरंच काही होतं, पण सचिवांनी शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं : एक विद्यार्थिनी संपूर्ण तास खिडकीबाहेर बघत बसते, शिक्षक दुर्लक्ष करतात. "एवढं पुरे," ते म्हणाले.

सत्राच्या शेवटच्या दिवशी सर पिशवी घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत होते. मला बघून म्हणाले, "येतो सर. तेवढं स्टूल आत घ्यायला सांगा, उन्हानं तडकंल." अहवालाचं त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. माहीत असावं.

दिवाळीनंतर मी त्यांचं कपाट मोकळं करायला घेतलं. मनात अजून हेच, की काहीतरी सापडेल. सापडली ती मुक्ताची वही. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "माझा विषय : खिडकी." खाली अर्धवट अडकलेलं दार आणि लिंबाची फांदी. पुढच्या पानावर कावळा. त्याच्या पुढच्या पानावर फटीतून दिसणारी चष्म्याची एक काच आणि अर्धी मिशी.

तिथून पुढं सगळा मीच. मी उभा, मी स्टुलावर, मी वहीत लिहिताना. प्रत्येक चित्राखाली सरांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं. "चष्मा बघितलास. डोळे बघितलेस का?" मग, "सर रागावलेले काढलेस. खरंच रागात आहेत का? आणखी एकदा बघ."

शेवटच्या चित्रात मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून, मान उंच करून आत बघतोय. असा चेहरा मी आरशात कधी बघितलेला नाही. खाली लिहिलं होतं, "आता बरोबर. सरांना आत यायचंय. खिडकी अशीच उघडी ठेवत जाऊ."

मला लाज वाटली.

वही घेऊन मी सचिवांकडं गेलो. त्यांनी चार पानं उलटली, माझी मिशी बघून हसले आणि म्हणाले, "आता नवीन माणूस नेमलाय हो." त्या केजच्या सरांना चित्र काढता येत होतं का, हे मला अजूनही माहीत नाही.

नव्या सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन डोंगर काढले. तिसऱ्या तासाला मी सवयीनं मागं गेलो, तर खिडकी आतून लावलेली. वळसा घालून पुढच्या दारातून वर्गात शिरलो. मुक्ता खाली मान घालून फळ्यावरचा सूर्य उतरवून घेत होती. मी तिच्या बाकाशी थांबलो, पण तिनं वर बघितलं नाही.

पर्यवेक्षकाच्या वहीत काहीतरी लिहिणं भाग होतं. मी लिहिलं : वर्ग शांत. सर्व विद्यार्थ्यांचे लक्ष फळ्याकडे.