रेखाच्या हातांसाठी काचेची तार

आमच्या सुरतेतल्या डिंडोलीच्या सोसायटीत दुपारी बायका ओट्यावर साड्यांना टिकल्या चिकटवायला बसतात. हात कामात आणि तोंड मोकळं, मग किस्से साठणारच! गटारीचे वेगळे, गणपतीचे वेगळे. पण सगळ्यात जास्त साठले ते इंटरनेटचे. एक नेट घ्यायचं, तर आम्ही दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत घोळ घातला! आता आठवलं की हसू येतं, आणि ज्या ज्या माणसांनी तो घोळ सोसला त्यांना मनातल्या मनात हात जोडले जातात.

नेट सगळ्यांनाच हवं होतं. कुणाला क्रिकेट, कुणाला सिरियल, कुणाला मार्केटच्या ऑर्डरी. पण खरी गरज एकटीलाच. माझ्या समोरच्या घरातल्या मंगलाबाईची सून, रेखा. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. अमळनेरकडे तिची आई, तीही तशीच. मायलेकी बोलतात ते हातांनी, मोबाइलच्या व्हिडिओवर. त्यात रेखाला दिवस गेले, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. तिकडे वडील अंथरुणाला खिळलेले, आईला निघता येईना. म्हणजे माहेर उरलं ते मोबाइलच्या काचेत! आणि मोबाइलचं नेट असं, की आईचा हात वर उचलला की वरच राहायचा. रेखा त्या थांबलेल्या चित्रासमोर बॅटरी संपेपर्यंत बसून राहायची.

*

आमच्या सोसायटीचे प्रमुख प्रवीणभाई. बँकेतून रिटायर झालेले, देवमाणूस. त्यांनी मीटिंग बोलावली आणि सांगितलं, "रस्ते तीन आहेत. टीव्हीच्या केबलमधून नेट, हवेतून नेट, नाहीतर जमिनीखालून काचेची तार."

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे विचारायला लाजत नाही. "काचेची तार? आणि फुटली म्हणजे?"

"बा, तुटली तर जोडतात." प्रवीणभाई मला बा म्हणतात, म्हणजे गुजरातीत आई.

"आणि हवेतलं?"

"ते हवेतूनच येतं, बा."

"मग भाऊ, हवा तर आत्ताही आहे! अजून का नाही आलं?"

सगळे हसले. प्रवीणभाई हसले नाहीत. मला गच्चीवर घेऊन गेले आणि लांबचा टॉवर बोटाने दाखवून समजावलं. एवढा जीव लावून मला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं.

*

पहिल्यांदा केबल घेतली. तार आधीच घराघरात होती, खोदकाम नाही, कटकट नाही. कंपनीचा माणूस मंगलाबाईच्या घरी मोबाइलवर स्पीडचा काटा दाखवत म्हणाला, "देखो माँजी, कितना फास्ट!"

रेखाने फोन लावला. आई लख्ख दिसली! आम्ही टाळ्या पिटल्या. पण आई मान हलवून परत परत एकच खूण करायला लागली, बोटं डोळ्यांकडे नेऊन नकार. तिला लेकीचे हात दिसतच नव्हते, नुसते ठिपके.

तो माणूस गोंधळला. "आ तो रहा है फुल स्पीड में!"

मंगलाबाई कडाडली, "येतंय रे बाबा! जाण्याचं बघ ना! यायला हमरस्ता ठेवलाय आणि जायला बोळ! माझ्या सुनेने नुसतं ऐकूनच घ्यायचं का आईचं?"

त्या दिवसापासून प्रवीणभाई येईल त्या कंपनीला पहिला प्रश्न एकच विचारायचे, "जाण्याचा स्पीड बोलो!"

*

ती केबल सोडली नाही आम्ही, ती स्वतःच गेली. गच्चीवरून गच्चीवर टांगलेली, आणि सुरतेची उतरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग! तारेत पतंग अडकला की पोरं कशाला, बाप्ये धावायचे. आमच्या लाइनीतले भगवानभाऊ मोठे पतंगबाज. एक निळा पतंग तारेत अडकला, तो त्यांनी बांबूने ओढला. पतंग आला, मांजा आला, मागोमाग अख्खी तार आली!

भगवानभाऊ गच्चीवरून ओरडले, "काय्यपो छे!"

खालून त्यांची बायको म्हणाली, "हो, कापलं! आपल्याच घरातलं!"

*

मग आली हवेतली. गच्चीवर खांब ठोकला, त्याला ताट बसवलं, तोंड टॉवरकडे. नेट बरं चालायचं. रेखाचे हात जायला लागले, आईचे यायला लागले. मी देवापुढे साखर ठेवली.

पुढे बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस आले. आम्ही खान्देशी माणसं, उन्हाळ्यात गच्ची आमचीच. खाटांवर साड्या अंथरून बिबडे घातले. मग त्या साड्या धुतल्या आणि वाळत टाकायला मजबूत खांब शोधला. तो मिळाला! दोरी बांधली, ओल्या साड्या टाकल्या आणि नेट बंद.

कंपनीचा माणूस भर उन्हात गच्चीवर आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "माँजी, टॉवर के सामने साडी?"

मंगलाबाई म्हणाली, "अरे, जॉर्जेटची आहे! आरपार दिसतं की!"

त्याने तिला खांब दाखवला. ओल्या साड्यांच्या ओझ्याने तो वाकला होता आणि ताट टॉवर सोडून उकिरड्याकडे बघत होतं. बिचाऱ्याने न रागावता सरळ केलं. आम्ही त्याला बिबडे बांधून दिले. पण वारा सुटला की ताट परत हलायचं, आणि रेखाच्या आईचा हात परत वरच राहायचा.

*

उरली काचेची तार. त्यासाठी गल्ली खोदावी लागणार. आणि भगवानभाऊंनी नुकतेच दारासमोर नवे ब्लॉक बसवलेले! ते मीटिंगमध्ये उभे राहिले. "एका सुनेसाठी सगळी गल्ली खोदायची का? हवेतलं चालतंय तेवढं चालू द्या."

प्रवीणभाई उठले. त्यांनी रेखाला समोर बसवलं आणि खुणेने फोन लावायला सांगितला. बाहेर वारा होता. आई दिसली, हसली, काहीतरी सांगायला हात उचलला आणि चित्र थांबलं.

रेखा थांबली. आम्हीही थांबलो. रेखाची नजर त्या हातावरून हलेना.

भगवानभाऊ हळूच म्हणाले, "माझ्या दारापासून सुरू करा."

देव त्यांचं भलं करो. आजही त्यांच्या दारासमोरचे ब्लॉक वरखाली आहेत. मी तिथून जाताना ठेचकाळते आणि त्यांना आशीर्वाद देते.

*

तार आली. केसाएवढी काच, वरून काळं वेष्टन. आठ दिवस गेले नाहीत तोच गटारवाल्यांच्या कुदळीने मंगलाबाईच्या दारातच तोडली! नेमकी रेखाची आईशी बोलायची वेळ.

रेखाचा नवरा सुनील लूमवर काम करतो. धागा तुटला की डोळे मिटून जोडणारा माणूस. बायकोचा चेहरा बघितला आणि बसला खड्ड्यात. वेष्टन सोललं आणि टोकाला टोक बांधून अशी गाठ मारली, की हाताला लागायची नाही!

संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. ती गाठ त्याने बराच वेळ उलटसुलट बघितली. "किसने बांधी?"

सुनील ऐटीत म्हणाला, "मैंने. लूम पे रोज बांधता हूँ."

"भाई, गाठ एक नंबर है! लेकिन इसमें उजाला दौडता है, और उजाले को गाठ नहीं जमती."

मग त्याने एका छोट्या पेटीत दोन टोकं समोरासमोर ठेवली, ठिणगी पाडली आणि तार जोडली. सुनीलला जवळ बसवून सगळं दाखवलंही. जाताना गाठीचा तुकडा कापून खिशात टाकला. म्हणाला, "ऑफिस में दिखाऊंगा!"

*

त्यानंतर एकदा दुपारी आम्ही नेहमीसारख्या मंगलाबाईच्या ओट्यावर टिकल्या लावत बसलो होतो. खिडकी उघडी. आत रेखा आईशी बोलत होती. तार आता पाण्यासारखी वाहत होती, येतानाही आणि जातानाही.

आईला मागे भरलेली बादली दिसली असावी. तिने बादलीकडे बोट केलं, लेकीच्या पोटाकडे केलं आणि कपाळ बडवलं. रेखाने हात उडवले. आईने दुप्पट उडवले. रेखाने स्वतःकडे बोट करून दंड दाखवला. आईने कान पिळायची खूण केली. मग काय विचारता! दोघी एकाच वेळी, कुणी कुणाचं घेईना. घरात आवाज फक्त बांगड्यांचा. आमच्या साड्या मांडीवरच राहिल्या. एकीचं तर टिकल्यांचं ताट कलंडलं, तरी मान आत वळलेलीच!

एवढ्यात मंगलाबाई हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून आली. तिने मायलेकींकडे बघितलं, खिडकीला लागलेली आमची तोंडं बघितली आणि उलथनं आमच्याकडे रोखून सुनेला म्हणाली,

"अगं, जरा हळू बोला गं मायलेकी! सगळी सोसायटी ऐकतेय!"

रेखाने उलथन्याच्या दिशेने आमच्याकडे बघितलं. आईला 'थांब' अशी खूण केली. उठली, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.