निम्म्यावर आणलेलं औषध

डॉक्टरांनी सहा महिने औषध म्हटलं, तसं मी लगेच म्हणालो, "तीन करा."

साठ सालानंतरची गोष्ट. नंदुरबारला माझा मिरचीचा व्यापार होता. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली होती आणि समोरचा जो आकडा बोलेल तो निम्म्यावर आणायचा, एवढ्यावर दुकान उभं केलं होतं. डॉक्टर धुळ्याहून दर बुधवारी आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात येत. बायकोला मी बाहेर बाकावर बसवलं होतं. म्हटलं, काय ते मला सांगा.

वर्षभर तिला झटके येत होते. एकाएकी धडधड, घाम, हातपाय गार, आणि 'मी मरी ऱ्हायनी' म्हणून आकांत. पहिला झटका पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर आला, तेव्हा आम्ही ठसकाच समजलो. दुसरा एस.टी.त आला. मग तिनं गल्लीबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. विसरवाडीला तिची आई अंथरुणाला खिळली होती. तिला फक्त आईपर्यंत जायचं होतं.

"हृदय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "हा भीतीचा आजार आहे. पहिला आठवडा अर्धी गोळी, मग एक, मग दोन. सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, हात कापतील, धडधड वाढल्यासारखी वाटेल. तेव्हाच सोडायची नाही. गुण तीन-चार आठवड्यांनी दिसतो. हे सगळं त्यांना नीट सांगा. आणि शेठ, हा बाजार नाही."

मी हसलो. घरी येऊन तिला सांगितलं, "रोज अर्धी. पंधरा दिवसांत मोकळी होशील." बाकीचं सांगितलं नाही. माल देताना त्यातली खोट आपणहून कोण सांगतं?

पाचव्या दिवशी ती आतून दुकानात आली. ओठ सुकलेले, हात थरथरणारे.

"या गोयीमुये तं नही व्हत ना? डॉक्टरनी काही सांगेल व्हतं का?"

समोर गिऱ्हाईक होतं. मी ओरडलो, "काही नही सांगं! बठ्ठा तुन्हा मनना खेय शेतस!"

सगळे मनाचे खेळ, गोळीचा दोष नाही म्हटल्यावर तिच्यापुरता एकच अर्थ उरला, की आता मरणच आलं. तिनं गोळ्या चुलीत टाकल्या. त्यानंतर दोन महिने ती ओट्यावरसुद्धा आली नाही.

शेवटी तिचा भाऊ आला. विसरवाडीच्या फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल होतं. बुधवारी तो तिला धरून दवाखान्यात घेऊन गेला. या वेळी डॉक्टरांनी तिलाच समोर बसवलं. परत आल्यावर साऱ्या गल्लीसमोर भाऊ मला म्हणाला, "दाजी, तुम्हले बठ्ठं माहीत व्हतं. तरी बी इलेच येडी म्हना?"

मी त्याला ओट्यावरून उतर म्हणालो. एकट्यात बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. कदाचित नसतंही. पण चारचौघांत बोलला, ते मी अजून विसरलेलो नाही.

तिनं औषध पुन्हा सुरू केलं. तेच कोरडं तोंड, तेच थरथरणारे हात. मी विचारलं, तर खडीसाखर चघळत म्हणाली, "ऱ्हास आठ-दहा दिन, मंग जास." भीती होतीच, पण आता ती कशाची आहे हे तिला माहीत होतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात झटके विरळ झाले आणि एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, चला. एस.टी.त तिनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला होता. माझा हात धरला नाही.

सासूबाई जाग्या होत्या. लेकीकडे बराच वेळ बघितलं, पण ओळख पटली नाही. त्यांनी विचारलं, "कोनी पोर शे व माय तू?"

"तुन्हीच," ती म्हणाली आणि त्यांचे केस विंचरायला बसली.

महिन्यापूर्वीपर्यंत म्हातारी रोज तिचं नाव घेऊन दाराकडे बघायची, हे भावानं मला बाहेर सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. मग माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी घेतला नाही. त्याला वाटलं, मी अजून रागावलेलो आहे. राग होताही, पण मी हिशेब करत होतो: गोळ्या चुलीत गेल्या नसत्या, तर ती दोन महिने आधी इथे आली असती.