बोरडोहाच्या पाण्यातल्या होड्या

प्रेमिला ढबाले नागपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत लागली ती बाटल्या विसळायला. शिक्षण दहावी नापास. पण तिथे शिकवणाऱ्या उत्तरा मॅडम तिला दर महिन्याला सावनेरकडच्या बोरडोह तलावाचं पाणी आणायला पाठवत आणि आणलेलं पाणी मायक्रोस्कोपखाली बघूही देत. सात-आठ वर्षांत तिची नजर अशी तयार झाली, की एम.एस्सी.ची मुलं अडली की तिलाच हाक मारायची. डायटम नावाची शैवालं तिच्या खास ओळखीची. काचेच्या इवल्या होड्याच जणू.

मग तलावाच्या वरच्या अंगाला वसाहत झाली आणि तिच्या सांडपाण्याचा नाला सरळ तलावात सोडला गेला. दोन उन्हाळ्यांत तलावावर हिरवी साय धरली. काचपट्टीवर होड्या दिसेनात. जिकडेतिकडे एकाच जातीचे निळे-हिरवे पुंजके. मासोळ्या मेल्या. मासेमार सोसायटीच्या जयवंताबाईंनी मॅडमच्या नोंदी जोडून अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे नाला वळला.

त्या हिवाळ्यात पाणी नितळ झालं. सोसायटीने बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायचं ठरवलं.

"यंदा नका सोडू, बाई," बाटली भरता भरता प्रेमिला म्हणाली.

"काहून वं? तळ दिसून राहिला."

"वरून साफ आहे. पण मले पट्टीवर अजून तेच पुंजके दिसते. नाल्याचं सारं गाळात बसून आहे. ऊन तापलं का वर येईन."

"मी सांगतो बैठकीत. पण बाटलीवाली म्हणते म्हणून थांबाचं का, असं म्हणतीन लोक."

प्रेमिलाला ते लागलं. परतताना बसमध्ये आपलंच चुकत असेल असंही वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने तीन पट्ट्यांवरचे पुंजके पुन्हा मोजले, मॅडमनीही मोजले. आकडा तोच. थांबा म्हणून मॅडमचं पत्र सोसायटीला पोचलं तोवर पिल्लं सोडून झाली होती.

मे महिन्यात साय परतली आणि एका सकाळी काठाशी पांढऱ्या पोटांची रांग लागली.

"तू म्हटलं तसंच झालं," जयवंताबाईंचा फोन आला. आपलं खरं ठरल्याचं प्रेमिलाला काही सुख झालं नाही. डबा तिने तसाच घरी नेला.

त्यानंतर सोसायटी तिच्या मोजणीसाठी थांबू लागली. दोन वर्षं ती 'अजून नाही' एवढंच सांगत राहिली. तिसऱ्या फेब्रुवारीत मायक्रोस्कोपखाली एका नजरेत अकरा होड्या दिसल्या, शिवाय चांदणीसारखी एक जात. नाल्याआधी दिसायची ती लांब सुईसारखी जात मात्र आलीच नाही.

"पाणी पहिल्यासारखं झालं का मंग?" जयवंताबाईंनी विचारलं.

"पहिल्यासारखं नाही. पण मासोळी जगन. थोडीच सोडा."

थोडीच सोडली. उन्हाळा निघाला, मासोळी टिकली.

आता सोसायटीच्या बैठकीला प्रेमिलालाही बोलावणं असतं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून जाते.