शून्य पॉइंटचा दगड

१७ मार्च. दिवाळीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी. कामात होते म्हटलं तर खोटं होईल. सांगावंसं काही पाहिलंच नव्हतं. आता पाहिलंय.

संगीता माझी कॉलेजातली मैत्रीण. दोघींनी भूशास्त्र घेतलं होतं. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात शिकवते, ती मंठ्याजवळच्या एका गावात शाळेत. तिने मुलांसाठी टॅबवर एक गेम बसवलाय: नकाशा निवडायचा, ठोकळे खोदत खाली जायचं, जे निघेल त्याचे पॉइंट. चंद्रपुरात कोळसा, गडचिरोलीत लोखंड, आणि एक नकाशा त्यांच्या स्वतःच्या गावाचा.

"येऊन तपासून दे," तिचा फोन. "रविवारी पालकांची बैठक आहे. टॅबचा तास बंद करा म्हणतायत. गेममध्ये चूक निघाली तर तास गेलाच समज."

शुक्रवारी निघाले. पुणे-जालना, जालना-मंठा, दोन्ही एसटीने. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाटेतल्या खाण्यापिण्याचाच खर्च टोचला. जायचं असेल तर पाणी भरपूर घ्या. मार्चातच ऊन चावतं. जालन्याच्या रस्त्यावर भंगाराने भरलेले ट्रक आत शिरत होते आणि सळ्या लादलेले बाहेर पडत होते. पोचल्यावर संगीताने ज्वारीची भाकरी, ठेचा आणि टॅब एकदमच पुढ्यात ठेवले.

एकही चूक सापडली नाही. गावाखाली फक्त काळा दगड: ना कोळसा, ना लोखंड. काळ्या दगडाला शून्य पॉइंट. मी म्हटलं, "बरोबर आहे."

शनिवारी वर्गात पाहते तर सगळे चंद्रपुरात.

"गावाचा नकाशा कुणीच उघडत नाही?" मी विचारलं.

"त्यात काय हाय मॅडम?" सातवीतली समीक्षा म्हणाली. "म्या पार तळापर्यंत खोदलं. नुस्ता काळा दगड. आपल्या गावात काहीच न्हाई निघत."

"म्हणून तर समदे पुण्याला जातेत!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. संगीता हसली नाही. माहिती अचूक होती, पण त्यातून मुलं शिकली होती ते चूक होतं, आणि मी त्यावर आदल्याच दिवशी मान डोलावली होती.

"चल, यांना खदानीवर नेऊ," मी संगीताला म्हटलं.

गावाबाहेरची ती खदान कधीच बंद पडलीये. आम्ही कड्यापासून लांब उभे राहिलो. काळा दगड, त्यावर हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा, त्यावर पुन्हा काळा दगड. मी सांगू लागले: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून आलेला तापलेला शिलारस इथे पसरला, थिजला. मग पुढचा रस येईपर्यंत त्याच्यावर माती झाली, आणि नव्या रसाने ती भाजून काढली. तोच हा लाल पट्टा.

"म्हंजे दोन दगडांच्या मधी हे गावचं जुनं रान हाय?" समीक्षाने विचारलं.

वीस वर्षं मी हा थर फळ्यावर खडूने काढतेय. रान म्हणून तो कधी पाहिला नव्हता.

खाली पडलेल्या एका धोंड्यातल्या पोकळीत पांढरे, सुईसारखे स्फटिक होते. ऊन आत गेलं तसे ते पेटले. इतका गलका करणारी मुलं एकेक करून वाकून आत पाहू लागली.

"मॅडम, ह्याला किती पॉइंट?"

संगीताने माझ्याकडे पाहिलं. शंभर म्हणावं, तर चमकतं तेच मोलाचं असं पुन्हा शिकवल्यासारखं. दुपारी संगीताने काळ्या दगडापुढचा शून्य पुसला आणि जागा कोरी ठेवली. ते तरी बरोबर का, अजून ठरत नाहीये. समीक्षाने गावाच्या नकाशात लाल थर भरला.

रविवारी बैठकीत पालकांमधून दिगंबरकाका पहिले उठले. "लेकरं घरी मोबाईल खेळून राह्यलेत, अन् तुम्ही शाळेत बी तेच देता! मोबाईलात खोदून काय निघणार?"

समीक्षाने शाळेच्या टीव्हीवर गावाचा नकाशा लावला. काकांनी डोळे बारीक केले. "थांब. तिथं माझी हीर हाय. लाल माती इतक्या वर न्हाई लागली, लई खाली लागली."

"तुझी खाली," त्यांचे शेजारी म्हणाले, "माझी तर वरच लागल्ती. पोरीचं बिलकुल बराबर हाय."

"तुझी हीर म्हंजे डबकं! तिचं काय सांगतो?"

समीक्षाने टॅब काकांच्या हातात दिला. "तुम्हीच करा दुरुस्त." त्यांनी अंगठा दाबला आणि नकाशातलं शेजाऱ्याचं अख्खं घर खोदून टाकलं. हसू आवरेना कुणाला. मग दोन्ही विहिरींचे थर लावता लावता दुपार झाली. तास बंद करायचं कुणी काढलंच नाही. निघताना काका संगीताला म्हणाले, "पुढच्या टायमाला जल्दी सांगा. माझ्या भावाची बी हीर हाय."

काल पुण्यात परतले. गेममध्ये ते लाल रान नव्हतं, हे खरं. पण गेममध्ये शून्य दिसला नसता, तर आम्ही खदानीपर्यंत गेलोच नसतो. कुणाला श्रेय द्यावं कळत नाही. मात्र या शहरात इतकी वर्षं राहून माझ्या पायाखाली काय आहे, हे मी एकदाही पाहिलेलं नाही.

उद्या: शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात, वॉचमनला विचारून, डोकावणे.